सोपाऱ्याचे दोन दगड आणि पाटलिपुत्राची संगीती

१९५६ साली वसई परिसरातल्या निर्मळच्या शेजारी, समुद्रकाठच्या भुईगावात ब्राह्मी अक्षरे कोरलेला एक दगड सापडला. अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तो तुकडा होता. त्याआधी १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्याच्या जुन्या बंदरालगत, एका तळ्याजवळ आठव्या लेखाचा तुकडा मिळाला होता. आठवा आणि नववा असे लागोपाठचे दोन लेख एकाच परिसरात मिळाले, म्हणजे गिरनार किंवा काळसीप्रमाणे चौदा लेखांचा सगळा संच इथे कोरलेला असणार, हे अनुमान अभ्यासकांनी केले आणि ते रास्त आहे. दोन्ही तुकडे आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत.

या दगडांच्या आधारावर वसई परिसरात एक वाक्य वर्षानुवर्षे म्हटले जाते. स्मरणिकांत छापले जाते, भाषणांत येते. ते असे : सम्राट अशोकाने पाटलिपुत्राला तिसरी धम्मसंगीती भरवली आणि तिथून सोपाऱ्याला धर्मप्रसारक धाडला. वाक्य सुटसुटीत आहे, पण त्यात तीन वेगळी विधाने एकत्र बांधलेली आहेत. संगीती, म्हणजे बुद्धवचनाच्या सामूहिक पठणासाठी भिक्षूंची सभा, भरली, हे एक. ती राजाने भरवली, हे दुसरे. तिथून माणूस इथे आला, हे तिसरे. तिन्हींचे पुरावे वेगळे, त्यांचे वय वेगळे आणि वजनही वेगळे. ते सुटे करून पाहिले तर हाती जे उरते ते स्मरणिकेतल्या वाक्यापेक्षा जास्त रंजक आहे.

आधी कागदपत्रांचे वय. तिसऱ्या संगीतीची हकीकत सांगणारे मुख्य ग्रंथ तीन, आणि तिन्ही सिंहलद्वीपाच्या परंपरेतले. ‘दीपवंस’ इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या आसपासचा. बुद्धघोषाच्या नावावरची ‘समन्तपासादिका’ ही विनयपिटकावरची टीका पाचव्या शतकातली. ‘महावंस’ पाचव्या शतकाच्या अखेरीचा किंवा सहाव्याच्या आरंभीचा. अशोकाचा काळ इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकाच्या मध्याचा. म्हणजे घटना आणि लेखन यांत सहा-सातशे वर्षांचे अंतर. उत्तर भारतात रचलेल्या ‘अशोकावदाना’त राजा आहे, स्तूप आहेत, उपगुप्त नावाचा थोर भिक्षू आहे, पाटलिपुत्राची संगीती मात्र नाही. आणि खुद्द अशोकाच्या एकाही लेखात संगीतीचा उल्लेख नाही. दिल्लीच्या स्तंभावरचा सातवा लेख राज्याभिषेकाच्या सत्ताविसाव्या वर्षाचा. त्यात राजा आपल्या धर्मकार्याचा आढावा घेतो. वडाची झाडे, आमराया, विहिरी, धर्ममहामात्र नावाचे अधिकारी असे सगळे मोजतो. संगीती मोजत नाही.

आता राजाकडे वळू. पहिल्या संगीतीचे सर्वांत जुने वर्णन विनयपिटकाच्या ‘चुल्लवग्गा’त, अकराव्या प्रकरणात आहे. बुद्धाच्या निर्वाणानंतर पाचशे भिक्षू राजगृहाला जमतात, पहिला महिना पडझड झालेल्या निवासांच्या दुरुस्तीत घालवतात आणि मग धम्म व विनयाचे संगायन करतात. महाकाश्यप प्रश्न विचारतात, उपाली आणि आनंद उत्तरे देतात. या सगळ्यात राजा अजातशत्रूचे नाव येत नाही. शेकडो वर्षांनी लिहिलेल्या ‘समन्तपासादिका’ आणि ‘महावंसा’त तोच अजातशत्रू वेभार पर्वताच्या सप्तपर्णी गुहेशी देखणा मंडप उभारून देतो. दुसऱ्या संगीतीचे तसेच. चुल्लवग्गाच्या बाराव्या प्रकरणात वैशालीला सातशे भिक्षू जमतात. वाद पेटवणारा यश, निवाडा करणारे रेवत आणि सब्बकामी, सगळी मंडळी भिक्षूच. ‘महावंसा’त मात्र राजा कालाशोक येऊन उभा राहतो.

हकीकत जितकी उशिराची तितका राजा तिच्यात ठळक होत जातो. याचा अर्थ अजातशत्रूने काहीच दिले नसेल असा नव्हे. अर्थ इतकाच, की सिंहलद्वीपात ज्या महाविहाराने या हकीकती जपल्या तो स्वतः राजाश्रयावर उभा होता, आणि आपल्या पूर्वजांच्या प्रत्येक संगीतीशेजारी एक राजा असावा असे त्याला वाटणे साहजिक होते.

वैशालीच्या वादाशी मात्र आपल्या कोकणाचा दूरचा का होईना संबंध आहे. वज्जी भिक्षूंनी उपोसथाच्या, म्हणजे पाक्षिक नियमपठणाच्या, दिवशी काशाचे पातेले पाण्याने भरून संघात मांडले आणि उपासकांना त्यात कार्षापण टाकायला सांगितले. भिक्षूंनी सोने-रुपे घ्यावे की नाही हा दहा वादग्रस्त मुद्द्यांतला एक, आणि सर्वांत झोंबणारा. यशाने विरोध केला आणि पाठिंबा मागण्यासाठी पश्चिमेकडे आणि दक्षिणेकडे निरोप धाडले. चुल्लवग्ग सांगतो, की अवंती-दक्षिणापथाचे अठ्ठ्याऐंशी भिक्षू अहोगंग पर्वतावर येऊन त्याला मिळाले. दक्षिणापथात कोकण धरायचे की नाही हा प्रश्न वेगळा; पण आपल्या बाजूची माणसे एखाद्या संगीतीच्या जुन्या वृत्तांतात दिसतात ती अशी. दान घेऊन नव्हे, दानाविरुद्ध तक्रार घेऊन.

तिसऱ्या संगीतीची कथाही दानापासूनच सुरू होते. ‘महावंसा’च्या म्हणण्याप्रमाणे अशोकाने संघावर इतकी खैरात केली की इतर पंथांच्या साधूंची आवक आटली. मग त्यांनी स्वतःच चीवर अंगावर चढवले आणि विहारांत शिरून आपापली मते बुद्धाची म्हणून सांगू लागले. खऱ्या भिक्षूंनी त्यांच्यासोबत उपोसथ करायचे नाकारले. राजाने बांधलेल्या अशोकारामात सात वर्षे उपोसथ झाला नाही. तो करवून घ्यायला राजाने एक अमात्य पाठवला. त्याला हुकूम नीट उमगला नाही आणि नकार देणाऱ्या भिक्षूंची मुंडकी तो उडवत सुटला. राजाचा भाऊ तिस्स, जो स्वतः भिक्षू झाला होता, पुढच्या आसनावर येऊन बसला तेव्हा हात थांबला. या हत्येचे पाप कोणाचे, या धास्तीने राजाने अहोगंग पर्वतावरून मोग्गलिपुत्त तिस्स या थेरांना, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंना, बोलावले. थेरांनी राजाला शिकवले आणि मग राजाने एकेक गटाला समोर बसवून विचारले, बुद्धाचे मत कोणते? ‘विभज्जवाद’ (विश्लेषण करून सांगणारे मत) हे उत्तर ज्यांनी दिले नाही त्यांना पांढरी वस्त्रे देऊन संघाबाहेर काढले. आकडा साठ हजार. त्यानंतर निवडक हजार भिक्षूंची संगीती नऊ महिने चालली आणि थेरांनी परमतांचे खंडन करणारा ‘कथावत्थु’ सांगितला. अशोकाचे ते सतरावे राज्यवर्ष, निर्वाणापासून २३६ वे.

साठ हजारांचा आकडा सोडून द्यावा. पण पांढऱ्या वस्त्रांचा तपशील सोडता येत नाही, कारण तो दगडावर आहे. सारनाथ, सांची आणि कौशांबी (आता प्रयागच्या किल्ल्यात असलेल्या) स्तंभांवर अशोकाचा एक कडक हुकूम आहे. जो भिक्षू किंवा भिक्षुणी संघात फूट पाडील, त्याला वा तिला पांढरी वस्त्रे नेसवून विहाराबाहेरच्या वस्तीत ठेवावे. हुकूम महामात्रांना उद्देशून आहे, म्हणजे अंमलबजावणी सरकारी. कागद आणि दगड इथे एकमेकांना टेकतात. संगीती झाली असे या स्तंभांवरून सिद्ध होत नाही, पण संघातली भांडणे राजाच्या दारात पोचली होती आणि राजाने त्यात हात घातला होता, एवढे पक्के होते. बैराटच्या लेखात तर ‘मगधाचा राजा प्रियदर्शी’ संघाला अभिवादन करून सात धम्मग्रंथांची नावे सांगतो आणि ते भिक्षूंनी, भिक्षुणींनी, उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावेत अशी इच्छा दाखवतो. काय वाचावे हे संघाला सुचवणारा राजा आणि कोणाला बाहेर काढावे हे अधिकाऱ्यांना सांगणारा राजा, हे दोन्ही अस्सल. त्यांच्यावरून पुढे नऊ महिन्यांच्या संगीतीची कथा वाढली असेल, किंवा संगीती खरोखर झाली आणि तिचे हे बाहेरचे ठसे असतील. मला पहिले अधिक संभवनीय वाटते : पाटलिपुत्रापुरती एखादी पंथांतर्गत सभा झाली असावी, आणि जिला तिचा वारसा मिळाला त्या शाखेने पुढे तिला साऱ्या संघाची संगीती ठरवले असावे.

आता सोपारा. ‘महावंसा’च्या बाराव्या परिच्छेदात संगीती आटोपल्यावर मोग्गलिपुत्त तिस्स कार्तिक महिन्यात नऊ दिशांना थेर पाठवतात.  काश्मीर-गांधाराला मज्झन्तिक, हिमवंताला मज्झिम, लंकेला महेंद्र, महारट्ठाला महाधम्मरक्खित आणि अपरांताला, म्हणजे पश्चिम किनाऱ्याला, योन धम्मरक्खित. सोपारा हे या अपरांताचे मुख्य बंदर, म्हणून धम्मरक्खिताचे नाव सोपाऱ्याशी जोडले जाते. ग्रंथात गावाचे नाव नाही, प्रदेशाचे आहे. आणि नीट वाचले तर पाठवणारा राजा नाही, थेर आहेत. तेराव्या शिलालेखात अशोक ज्या दूतांबद्दल बोलतो ते अंतियोकासारख्या यवन राजांच्या दरबारी जाणारे. त्या यादीत एकही थेर नाही, आणि ‘महावंसा’च्या यादीत एकही यवन राजा नाही. राजाचा उपक्रम एक, संघाचा दुसरा. स्मरणिकेतले वाक्य त्या दोघांना एका गाडीत बसवते.

धम्मरक्खित हा योन, म्हणजे यवन. पश्चिम किनाऱ्यावर अशोकाच्या काळी यवन माणूस असणे कितपत शक्य? जुनागढच्या शिलालेखात, इसवी सन १५० च्या सुमाराला, रुद्रदामन सुदर्शन तलावाचा इतिहास सांगताना अशोकाच्या वतीने तिथे काम पाहणाऱ्या ‘यवनराज’ तुषास्फाचे नाव घेतो. पाचव्या शिलालेखात योन, कंबोज, गांधार यांच्याबरोबरच ‘अपरांत’ हा शब्द येतो. या पश्चिम सीमेवरच्या लोकांत धर्ममहामात्र नेमल्याचे राजा सांगतो. तेव्हा यवन थेराचे येणे अशक्य तर नाहीच, उलट पटण्यासारखे आहे.

पण पटणे वेगळे आणि पुरावा वेगळा. या नऊ मोहिमांपैकी एकीला उत्खननाचा आधार आहे, आणि ती आपली नाही. १८५१ मध्ये कनिंगहॅम आणि मेसी यांनी सांचीचा दुसरा स्तूप उघडला. आतल्या धातुकरंडकांवर नावे होती : कासपगोत, ‘सगळ्या हिमवंताचा आचार्य’, मझिम, आणि मोगलिपुत. सोनारीच्या स्तूपातही मझिम आणि कासपगोत भेटले. हिमवंताला गेलेल्यांची ‘दीपवंसा’तली नावे इथे दगडाच्या डबीत निघाली, हा एकोणिसाव्या शतकातला मोठा शोध होता. मात्र सांचीचा मोगलिपुत हा ‘गोतिपुताचा अंतेवासी’ आहे आणि करंडक अशोकानंतरच्या शतकातले आहेत. तो पाटलिपुत्राचा मोग्गलिपुत्त तिस्स नव्हे, नंतरचा कोणी, असे काही अभ्यासक म्हणतात. एवढा सगळा वाद घालायला निदान सांचीला डब्या आहेत. अपरांतासाठी धम्मरक्खिताचे नाव कोरलेली डबी नाही.

सोपाऱ्याला डबी निघाली, पण दुसरीच गोष्ट सांगणारी. गावकरी ज्याला बुरुड राजाचा कोट म्हणत तो टेकाड भगवानलालांनी १८८२ च्या एप्रिलमध्ये फोडला. ठाणे गॅझेटियरचे काम चालू होते. संपादक कॅम्पबेल यांचे पाठबळ होते. विटांच्या स्तूपाच्या गाभ्यात दगडी पेटी. तिच्यात मध्यभागी एकात एक करंडक : तांब्याचा, चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. भोवती आठ कांस्यमूर्ती, सात मानुषी बुद्ध आणि आठवा मैत्रेय. सोन्याची फुले. भिक्षापात्राचे म्हणून जपलेले मातीचे तुकडे. आणि गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणे. मूर्ती आठव्या-नवव्या शतकातल्या, नाणे दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातले. म्हणजे स्तूप एकदा बांधून विसरला गेलेला नाही; सहा-सातशे वर्षांनी कोणीतरी तो पुन्हा उघडला आणि श्रद्धेने मूर्ती ठेवून बंद केला. सातांपैकी एक कनकमुनी. त्याच्या निगाली सागर इथल्या स्तूपाचा विस्तार अशोकाने चौदाव्या राज्यवर्षी केल्याचा लेख आहे. पण पेटीत अशोकाच्या काळाचे काही नाही. ही सगळी दौलत आता मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहे.

मग सोपाऱ्याला अशोकाचा अस्सल आवाज कोणता? तेच दोन दगड. आणि इथे तारखा पाहाव्यात. चौदा शिलालेखांत येणारी राज्यवर्षे आठवे, दहावे, बारावे, तेरावे. संगीती सतराव्या वर्षाची, तेही ‘महावंसा’च्याच हिशोबाने. मजकुराचा विचार करता राजाचे बोलणे संगीतीच्या आधीचे. आठव्या लेखात तो सांगतो, की पूर्वीचे राजे शिकारीच्या मौजयात्रांना जात. आपण राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. ब्राह्मण-श्रमणांची भेट, त्यांना दान, म्हाताऱ्यांना सोने वाटणे, गावच्या लोकांशी बोलणे. नववा लेख आणखी घरगुती. आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, बाळंतपणात, प्रवासाला निघताना लोक नाना मंगलविधी करतात. विशेषतः बायका क्षुल्लक आणि निरर्थक विधी करतात, असे राजा जरा वैतागूनच म्हणतो. त्याच्या मते खरा मंगलविधी म्हणजे दास आणि नोकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा मान, प्राण्यांबाबत संयम आणि श्रमण-ब्राह्मणांना दान.

श्रमण आणि ब्राह्मण. दोघांनाही. बाराव्या वर्षी याच राजाने बराबरच्या टेकडीत आजीविकांना दोन लेणी दिली. सातव्या स्तंभलेखात संघ, ब्राह्मण, आजीविक, निर्ग्रंथ या सगळ्यांवर त्याचे धर्ममहामात्र आहेत. भुईगावच्या दगडावरचा आश्रयदाता आणि ‘महावंसा’तला परपंथीयांना वेचून बाहेर काढणारा आश्रयदाता एकच माणूस असू शकतो, राजे दोन्ही करतात, पण किनाऱ्यावरच्या माणसाला त्याने ऐकवले ते पहिले.

धम्मरक्खिताने अपरांतात काय ऐकवले हेही ‘महावंसा’त आहे, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातला तो सर्वांत बोलका तपशील आहे. त्याने ‘अग्गिक्खन्धोपम सुत्त’ सांगितले. अंगुत्तर निकायाच्या सत्तक निपातातले हे सुत्त. कोसलात चारिका करताना बुद्धांना एक मोठा जळता ढीग दिसतो. ते भिक्षूंना विचारतात, शीलभ्रष्ट माणसाने काय पत्करावे? श्रद्धेने दिलेले चीवर पांघरण्यापेक्षा तापलेला पत्रा अंगाला गुंडाळलेला बरा. श्रद्धेने वाढलेले अन्न खाण्यापेक्षा लाल झालेला लोखंडी गोळा गिळलेला बरा. दिलेल्या मंचकापेक्षा तापलेला मंचक बरा. ऐकता ऐकता साठ भिक्षूंच्या तोंडातून रक्त येते, साठ चीवर उतरवून घरी जातात आणि साठ मुक्त होतात.

नव्या मुलखात, ज्यांनी बुद्धाचे नाव ऐकलेले नाही अशा व्यापाऱ्यांना आणि कोळ्यांना, हे प्रवचन? ‘महावंस’ सांगतो, की सदतीस हजारांनी ते ऐकले आणि क्षत्रिय कुळांतले हजार पुरुष व त्याहून जास्त स्त्रिया प्रव्रजित झाल्या. प्रत्यक्ष काय घडले असेल ते असो. ज्या परंपरेच्या मते फुकटच्या राजदानाने संघ बिघडला आणि म्हणून संगीती घ्यावी लागली, त्याच परंपरेने अपरांताच्या वाट्याला आयत्या दानाविषयीचे हे सुत्त दिले. संगीतीचे कारण आणि मोहिमेचा विषय एकच आहे. दान घेणाऱ्याची लायकी.

पाटलिपुत्राचा निवाडा इथे कितपत टिकला, याचा माग पुढच्या चार-पाच शतकांच्या शिलालेखांत लागतो. ‘कथावत्थु’चा पहिलाच आणि सर्वांत लांब वाद ‘पुद्गल’ या विषयावर आहे. नैतिक फळ भोगणारी व्यक्ती म्हणून काही आहे की नाही. प्रतिपक्ष वज्जिपुत्तक आणि सम्मितीय, असे त्यावरची टीका सांगते. ‘दीपवंसा’त या वज्जिपुत्तकांतून फुटलेल्या शाखांची नावे आहेत, त्यांत धम्मुत्तरिक आणि भद्रयानिक. आता कार्ल्याच्या चैत्यगृहात जावे. तिथला एक खांब, ज्यात धातू ठेवला होता असे लेखच सांगतो, तो दिलेला आहे सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भाणकाने, म्हणजे ग्रंथपठण करणाऱ्या भिक्षूने. आणि त्याचा गण धमुतरिय, म्हणजे धम्मुत्तरिक. नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने, नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी, लेणे दिले ते भदावनीय, म्हणजे भद्रयानिक, भिक्षूंना. ज्या मताच्या खंडनाने ‘कथावत्थु’ उघडतो त्याच मताचे वारसदार सोपाऱ्यात सुखाने नांदत होते, आणि सातवाहनांची राजमाता त्यांना लेणे देत होती. विभज्जवादाचा जयघोष लंकेत झाला. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना दुसऱ्यांची वस्ती होती.

दानाचा अशोकी नमुना मात्र टिकला. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात नाशिकच्या लेण्यात स्वतःची यादी देतो. बौद्ध भिक्षूंना लेणे. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग (सोपारा) इथे धर्मशाळा. शोर्पारगाच्या रामतीर्थावर चरक ब्राह्मणांच्या परिषदेला नानंगोल गावात नारळाची ३२ हजार झाडे. श्रमण आणि ब्राह्मण, एकाच लेखात. 

सोपाऱ्याच्या पेटीतले नाणे ज्या यज्ञ सातकर्णीचे, त्याच्याच काळात खाडीपलीकडच्या कान्हेरीचे मोठे चैत्यगृह खोदले गेले, तेही भद्रयानीय आचार्यांसाठी. खर्च दोन व्यापारी भावांचा. लेखाच्या आरंभी राजाचे नाव आहे, ते कालगणनेपुरते.